पिंजरा धुतला तरी दोन दिवसांत पुन्हा वास: ड्वार्फ हॅमस्टरचं पावसाळी दुखणं

जून लागला की मुंबईत हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, पाळणाऱ्या घराघरांत एकच तक्रार सुरू होते. रविवारी पिंजरा अख्खा रिकामा केला, साबणाने घासला, नवीन बेडिंग, म्हणजे खाली अंथरायचा भुसा किंवा कागद, घातलं. मंगळवारी संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडलं की पुन्हा तोच वास. मग बुधवारी परत धुलाई, शुक्रवारी परत. घरात कुरबुर वाढते, "त्या उंदराला गॅलरीत ठेवा" असं कुणीतरी म्हणतं. गॅलरीत पावसाचे शिंतोडे, मांजरं, कावळे. चाळीस ग्रॅमचा जीव तिथे ठेवायचा नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

निरोगी ड्वार्फ हॅमस्टरच्या अंगाला आपल्याला जाणवेल असा वास जवळपास नसतोच. हातात घेऊन पाठीला नाक लावून बघा. पिंजऱ्याला वास येतो तो कुठेतरी शू साचून ती जागा ओली राहते म्हणून. ती जागा सापडेपर्यंत बाकीचा पिंजरा कितीही घासा, वास परत येणार. आणि दर दोन दिवसांनी सगळं धुऊन काढल्याने तर तो वाढतोच. ते कसं, हे पुढे येईल.

मुंबईतच एवढा त्रास का

आपल्याकडे मिळणारे ड्वार्फ, म्हणजे लहान चणीचे हॅमस्टर, मुख्यतः तीन जातींचे: कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि सगळ्यांत लहान रोबोरोव्हस्की, म्हणजे रोबो. तिन्ही मूळचे मंगोलिया, कझाकस्तान, दक्षिण सायबेरिया, उत्तर चीन इथल्या कोरड्या गवताळ आणि वाळवंटी मुलखातले. पाणी कमी प्यायचं, लघवी थोडी आणि दाट करायची, अशी त्यांच्या शरीराची ठेवण. तिकडच्या मातीत ती लगेच सुकते. इकडे जून ते सप्टेंबरमध्ये २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, दोरीवरचा टॉवेल वाळत नाही. बेडिंगमधली शू तरी कशी वाळणार? ओल आणि ऊब मिळाली की जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. नाकाला झोंबतो तो हाच. आपण उभे असतो, हॅमस्टर त्या बेडिंगमध्ये तोंड खुपसून झोपलेला असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला तो कितीतरी जास्त येतो. डोळे चिपडतात, शिंका सुरू होतात, पुढे श्वासाचं दुखणं जडतं. पाहुणे काय म्हणतील यापेक्षा मला ही काळजी मोठी वाटते.

आधी वास ओळखा

पिंजऱ्यात हात घालण्याआधी नुसता वास घ्या. झोंबरा, डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर तो अमोनिया, म्हणजे साचलेली शू. कुबट, ओल्या पोत्यासारखा असेल तर बेडिंगला किंवा धान्याला बुरशी धरलीय. आंबूस-सडका असेल तर घरट्यात काकडीचा नाहीतर पालकाचा तुकडा दडवलेला आहे. थोडा कस्तुरीसारखा, कधी येणारा आणि आपोआप जाणारा असेल आणि तुमची हॅमस्टर मादी असेल, तर ती माजावर आलेली असते. दर चारेक दिवसांनी एखाद्या रात्री असं होतं, त्याला काही करायचं नसतं. गोडसर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर मात्र मधुमेहाची शंका घ्या आणि खालचा "एवढं करूनही ओलं राहतंय तर" हा भाग आधी वाचा.

आणखी एक शक्यता, जी मुंबईत कुणाच्या डोक्यात येत नाही: चिचुंद्री. पावसात बिळांत पाणी शिरलं की ती तळमजल्यावरच्या घरांत, स्वयंपाकघराच्या मोरीतून आत येते, भिंतीच्या कडेकडेने पळते आणि मागे एक उग्र वास सोडते. हॅमस्टरचं धान्य आणि त्यातले किडे तिला ओढून आणतात. वास पिंजऱ्यापेक्षा भिंतीच्या कडेला जास्त येत असेल आणि सकाळी तिथे लेंड्या दिसत असतील, तर बिचाऱ्या हॅमस्टरवर आळ घेऊ नका. मोरीची जाळी बसवा आणि पिंजरा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा.

चाक: दहातले बहुतेक वास इथे सापडतात

ड्वार्फ हॅमस्टर रात्री चाकावर तासन्‌तास पळतात आणि पळता पळताच शू करतात. ती चाकाच्या आतल्या खाचांत आणि मागच्या बाजूला, जिथे चाक आसावर बसतं, तिथे जाते. आपण चाक नळाखाली धरतो, वरवर ब्रश फिरवतो आणि परत बसवतो. दिसायला स्वच्छ.

लालबागला माझ्या मावसबहिणीकडे हेच चाललं होतं. भुसा बदलून झाला, कंपनी बदलून झाली, पिंजरासुद्धा नवा आला. मी चाक आसावरून ओढून काढायला लावलं. मागे पांढरट, चुन्याच्या पापुद्र्यासारखा थर. नखाने खरवडला तरी निघेना. हॅमस्टरची लघवी मुळातच गढूळ असते, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात. ते सुकून असा थर बसतो आणि त्याच्या पोटात वास मुरतो. साबण त्याला काही करू शकत नाही. त्या थरावर आम्ही पांढरं व्हिनेगर ओतलं, तर बारीक बुडबुडे फसफसत वर आले आणि दहाएक मिनिटांत जुन्या टूथब्रशने थर सालीसारखा सुटला. घरातला निम्मा वास त्या दिवशीच गेला.

तर हे करा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन चाक, शूच्या कोपऱ्यातला तळ, प्लॅस्टिकचं घर, सगळं भिजत ठेवा. थर जाड असेल तर नुसतं व्हिनेगर वापरा. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रसही चालतो, जरा जास्त वेळ लागतो. मग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. पावसात खाचांतलं पाणी लवकर सुकत नाही, म्हणून दोन चाकं ठेवणं सोयीचं पडतं: एक पिंजऱ्यात, एक पंख्याखाली. लाकडी चाक शू पिऊन घेतं, त्याचा वास निघत नाही. पावसाळ्यापुरतं तरी गुळगुळीत प्लॅस्टिकचं, बंद पृष्ठभागाचं वापरा. तारांचं चाक कुठल्याच ऋतूत नको, पाय अडकतात.

फिनाईल, ब्लीच, अ‍ॅसिड यांना पिंजऱ्याच्या आसपास जागा नाही. लघवीच्या अमोनियावर ब्लीच पडलं तर विषारी वायू तयार होतो. वास झाकायला लोक डांबराच्या गोळ्या, कापराची वडी, रूम फ्रेशनर, टाल्कम पावडर वापरतात. डांबर आणि कापूर दोन्ही एवढ्याशा जिवाला विषारी आहेत, आणि बाकीच्या सुगंधांनी त्याच्या श्वासनलिकेला त्रास होतो. मच्छर अगरबत्ती लावायची तर दुसऱ्या खोलीत.

पाण्याची बाटली गळतेय का

हे तपासायला एक रात्र पुरते. झोपताना बाटलीच्या नळीखाली टिश्यू पेपर पसरा, आणि हॅमस्टरला त्या रात्री पाणी दुसऱ्या छोट्या जड वाटीत द्या, म्हणजे टिश्यूवर पडेल ते फक्त गळतीचं. सकाळी टिश्यू ओला असेल तर चोर सापडला.

बाटली अर्धी रिकामी असली की आतली हवा दिवसा तापून फुगते आणि पाण्याला थेंब थेंब बाहेर ढकलते. पिंजरा टेबलावर डगमगत असेल, रेल्वेलाइनच्या कडेचं घर असेल, तर हादऱ्यांनीही नळीतली गोळी हलते. बाटली गच्च भरून लावा, झाकणाचं रबर बदला. तरी थांबत नसेल तर बाटलीचा नाद सोडून बुटकी चिनी मातीची वाटी ठेवा, आणि ती बेडिंगवर ठेवू नका, लाकडी फळीवर किंवा वाळूच्या बाजूला ठेवा.

उन्हाळ्यात गारव्यासाठी बर्फाची बाटली पिंजऱ्यात ठेवणारेही अशीच ओल करतात. बाटलीला घाम सुटतो आणि खालचं बेडिंग भिजतं. त्याऐवजी फ्रिजमध्ये गार केलेला लादीचा तुकडा द्या, त्यावर तो स्वतःच येऊन आडवा होतो. बर्फ ठेवायचाच तर पिंजऱ्याबाहेर, फडक्यात गुंडाळून.

बेडिंग: पातळ थर जास्त वास मारतो

कमी बेडिंग घातलं तर कमी घाण, हा समज खोटा आहे. बोटभर थर एका रात्रीत तळापर्यंत भिजतो आणि मग शू प्लॅस्टिकवर तळं करून राहते. १५ ते २० सेंटिमीटरचा थर असेल तर ती पसरते, शोषली जाते, आणि हॅमस्टर वरच्या कोरड्या भागात बीळ करतो. त्याला बिळं करायला मिळतात हा वेगळा फायदा.

कागदी बेडिंग किंवा अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा उत्तम. वखारीतून आणलेला भुसा स्वस्त पडतो, पण त्यात धूळ फार आणि लाकूड कुठलं याचा पत्ता नाही. पाइन आणि देवदारसारख्या लाकडांच्या उग्र तेलांनी श्वासाचा त्रास होतो. भुशाला छान सुगंध येतोय म्हणून तो घेऊ नका, सुगंध येतोय म्हणूनच टाळा. मक्याच्या कणसाचा चुरा ओला झाला की झपाट्याने बुरशी धरतो, मुंबईच्या पावसात तो मी कुणालाच सुचवत नाही. कापसासारखं मऊ बेडिंग तर नकोच, त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात.

पिशवी उघडली की बेडिंग थेट झाकणाच्या डब्यात भरा. तोंड उघडं राहिलेली पिशवी जुलैत पंधरवड्यात कुबट होते आणि मग तुम्ही "नवीन" म्हणून जे घालता तेच वास मारतं. धान्याचंही तसंच: महिन्याभराचं एकदम आणू नका, थोडं थोडं आणून घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, किडे आणि बुरशी दोन्ही लांब राहतात.

पिंजरा काचेच्या खोल टाकीचा असेल तर हवा तळाशी कोंडते. वरचं झाकण पूर्ण जाळीचं हवं. प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात पाळत असाल तर वरच्या जाळीबरोबर एका बाजूलाही जाळी बसवा. खोलीतला पंखा चालू ठेवा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. एसी असेल तर दिवसातून काही तास ड्राय मोडवर लावा, तापमान २४-२५ अंशांवर. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या आसपास आला की फरक नाकालाच कळतो.

सगळं धुऊ नका

हॅमस्टर नजरेवर कमी आणि गंधावर जास्त जगतो. ड्वार्फच्या पोटाच्या मधोमध गंधग्रंथी असते. तिथला पिवळसर, जरा चिकट डाग बघून लोक जखम समजून पुसत बसतात, तो तसाच राहू द्या. या गंधाने तो आपलं घर ओळखतो. तुम्ही अख्खा पिंजरा धुऊन चकचकीत केलात की त्याच्या लेखी तो परक्याच्या घरात आला. घाबरतो, आणि सगळीकडे फिरून नव्याने खुणा करतो, शूसुद्धा जिथे तिथे करतो. म्हणून मोठ्या धुलाईनंतर दुसऱ्या दिवशी वास उलट जास्त येतो. तुम्ही परत धुता, तो परत खुणा करतो.

ही साखळी तोडायला रोज दोन मिनिटं पुरतात. शूचा ओला कोपरा तेवढा चमच्याने उचलून टाका, तिथे कोरडं बेडिंग घाला, चाक पुसा. तीन-चार आठवड्यांनी एक तृतीयांश बेडिंग बदला, उरलेलं कोरडं, जुनं तसंच ठेवा. घरटं मोडू नका. त्याच्या धान्याच्या साठ्यातलं ओलं, हिरवं, सडलेलं काढा, सुकं तिथेच राहू द्या. साठा सगळा उचलला तर तो पुन्हा साठवायच्या मागे लागतो. काकडी, गाजर द्यायचं तर नखाएवढा तुकडा, आणि सकाळी तो कुठे गेला ते बघायचं.

सर्वांत मोठा फरक पडतो तो वाळूने. एका पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर बारीक वाळू ठेवा. ड्वार्फ तिच्यात लोळून अंगावरचं तेल काढतो, आणि बरेच जण शूसाठीही तीच जागा धरतात. ओल्या कोपऱ्यातलं थोडं बेडिंग पहिल्यांदा त्या वाळूत ठेवलंत तर लवकर समजतं. रोज चहाच्या वेगळ्या गाळणीने गुठळ्या चाळून काढा. मत्स्यालयाची बारीक वाळू धुऊन, वाळवून चालते. चौपाटीची आणू नका, तिच्यात मीठ आणि घाण असते. चिंचिला या दुसऱ्या पाळीव प्राण्याच्या अंघोळीसाठी मिळते ती पावडर नको, ती फुप्फुसात जाते. पावसात वाळूही दमट होते, तेव्हा जुन्या तव्यावर ती खडखडीत भाजून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच परत ठेवा.

वास येतो म्हणून हॅमस्टरला पाण्याने अंघोळ घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, घालू नका. एवढ्याशा शरीराची ऊब भिजल्यावर भराभर जाते, त्या धक्क्याने तो दगावू शकतो.

एवढं करूनही ओलं राहतंय तर

चाक स्वच्छ, बाटली गळत नाही, बेडिंग जाड, तरी कोपरा रोज चिंब होत असेल, तर पाणी मोजा. बाटलीवर पेनाने रेघ मारा आणि २४ तासांनी बघा. हॅमस्टर साधारण १०० ग्रॅम वजनामागे १० मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे ४० ग्रॅमच्या ड्वार्फला चहाचा एक चमचाभर पुरतं. रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट जात असेल तर मधुमेहाची शंका घ्यायची. कॅम्पबेल आणि त्याच्या संकरातून आलेल्या पिल्लांत याचा कल जास्त असतो, आणि दुकानात विंटर व्हाइट म्हणून दिलेला पुष्कळदा संकरच निघतो. औषधांच्या दुकानात लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या मिळतात. संध्याकाळी उठल्या उठल्या त्याला कोरड्या, स्वच्छ डब्यात ठेवा, थोड्या वेळात शू करतो, त्यात पट्टी टेकवा. साखर दिसली तर डॉक्टर गाठा. तोवर फळं, हनी स्टिक, मधाचे दाणे बंद. पाणी मात्र कधीच कमी करू नका. किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्याला वजन करा, ४० ग्रॅममधले चार ग्रॅम गेले म्हणजे अंगाचा दहावा भाग गेला.

काही वास आले तर वाट बघत थांबायचंच नसतं. मादीच्या योनीतून घाण वासाचा, पू किंवा रक्त मिसळलेला स्राव येत असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. शेपटीखाली ओलं, चिकट, पातळ शी असेल तर अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं. तोंडाला दुर्गंधी आणि एकच गाल सतत फुगलेला, म्हणजे गालाच्या पिशवीत काहीतरी अडकून सडतंय. या तिन्हींत त्याच दिवशी डॉक्टर. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण हॅमस्टर सगळेच बघत नाहीत, म्हणून फोन करून "हॅमस्टर तपासता का" हे आधी विचारा आणि तो नंबर आजच लिहून ठेवा. जवळ कुणी नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. नेताना छोट्या हवेशीर डब्यात त्याचंच जुनं बेडिंग घाला, आणि गर्दीच्या वेळेची लोकल टाळा.

गणपतीत पाहुणे येणार असतील तर

हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून शेवटी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पिंजरा धुऊ नका, वर सांगितल्याप्रमाणे नेमका आरतीच्या वेळी वास घमघमेल. चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी चाक व्हिनेगरने धुऊन काढा, एक तृतीयांश बेडिंग बदला, वाळू भाजून घ्या. त्यानंतर फक्त रोजचा ओला कोपरा. पिंजरा आतल्या खोलीत, धूप-अगरबत्तीच्या धुरापासून आणि ढोल-ताशाच्या आवाजापासून लांब ठेवा आणि दिवसा त्याला झोपू द्या. लहान मुलांना सांगून ठेवा की प्रसादाचा मोदक त्याला द्यायचा नाही: गूळ-खोबऱ्याचं चिकट सारण गालाच्या पिशवीत अडकतं. अगदीच मन राहवत नसेल तर त्यांच्या हाताने भोपळ्याची एक सुकी बी द्यायला लावा.